हरिश्चंद्रगड ते सोलापूर पायी: शेवटचे सात दिवस

दिवस २० (८ जानेवारी २०२४): मांजरसुंबा ते चौसाळा

मांजरसुंब्याच्या चौकात अण्णांनी हात वर करून हवेतली दोरी ओढली, तोंडाने ‘टिंग टिंग’ केलं आणि आम्ही निघालो. अण्णा आमच्या गल्लीतले. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होते, त्यातली निम्मी सोलापूर-बीड-औरंगाबाद याच रस्त्यावर गेली. डबल बेल म्हणजे गाडी सोडा, सिंगल बेल म्हणजे थांबवा. २० डिसेंबरला पाचनईत, हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला त्यांनी पहिली डबल बेल दिली. तेव्हापासून रोज सकाळी दोन आणि मुक्कामाला एक, असा नेम. मध्ये कुणी लघवीला थांबलं तरी सिंगल बेल लागतेच.

आधीचे एकोणीस दिवस थोडक्यात सांगतो. दोन वर्षांपूर्वी तुळजापूरचा घाट चढताना भाच्याने विचारलं होतं, “मामा, हा डोंगर येतो कुठून?” मी ‘तिकडून’ म्हणत बोट दाखवलं. रात्री घरी नकाशा काढला. सह्याद्रीची एक शाखा हरिश्चंद्रगडापाशी फुटते आणि नगर, बीड, धाराशिव करत आमच्या दाराशी येते. शाळेत ‘हरिश्चंद्र-बालाघाट’ एका दमात पाठ केलेलं, पण त्यातला बालाघाट म्हणजे आपला तुळजापूरचाच डोंगर, हे पन्नाशी जवळ येईपर्यंत डोक्यात शिरलं नव्हतं. या रांगेच्या एका अंगाचं पाणी गोदावरीला जातं, दुसऱ्या अंगाचं भीमेला. त्या दोघींच्या मधून चालायचं, एवढाच आमचा मार्ग. आखलेली वाट नाही, पाट्या नाहीत. हरिश्चंद्रगड १४२४ मीटर, सोलापूर साडेचारशेच्या आसपास, म्हणजे महिनाभर उतारच आहे, असं सांगून मी घरून परवानगी मिळवली. ते साफ खोटं निघालं. पारनेरचे माळ, गर्भगिरीतली मढी आणि मायंबा, मग पाटोदा, सौताडा. जेवढं उतरलो तेवढं दुसऱ्या दिवशी चढलो. माझा टॉवेलचा कारखाना आहे. दिवसभर मागांपुढे उभं राहून पाय तयार झालेत असा माझा समज होता. उभे राहणारे पाय वेगळे आणि चालणारे वेगळे, हे पारनेरपर्यंत कळलं.

आज आधी कपिलधारला उतरलो. मन्मथस्वामींची समाधी, शेजारी धबधब्याची दरी. जानेवारीत पाणी नावालाच. अण्णा लिंगायत. समाधीपाशी बराच वेळ बसले. बाहेर आल्यावर म्हणाले, “मालक, मांजरसुंब्याला हजार वेळा दहा मिनिटांचा चहा घेतला असेन. इथं यायला निवृत्त व्हावं लागलं.”

दुपारनंतरच्या दोन वस्त्यांमध्ये दहातली सात दारं कुलूपबंद. हा ऊसतोडीचा मुलूख. दिवाळी झाली की माणसं कारखान्यांवर जातात, परततात उन्हाळ्यात. मागे म्हातारी आणि शाळेतली पोरं. पाणी मागायला थांबलो त्या ओसरीवर एक आजी दोन नातवंडांना घेऊन बसली होती. कुठले म्हणून विचारलं. सोलापूर म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला. “माझं पोरगं तिकडंच हाय, सूनबी हाय.” कोणत्या कारखान्याला? ते तिला ठाऊक नव्हतं. मुकादमाला ठाऊक. ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात, हिशोबही तसाच, उचलही तशीच. आमच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या उसाने वाकड्या होऊन जातात तेव्हा आम्ही हॉर्न वाजवून शिव्या घालतो. त्यांच्यावर बसलेली माणसं या कुलपांमागची. भाच्याने बिस्किटांचा पुडा पुढे केला. आजीने तो घेतला आणि आमच्या पिशवीत मूठभर शेंगा टाकल्या.

दिवस २१: चौसाळा ते सरमकुंडी फाटा

दिवसभर पवनचक्क्या. त्यांच्यासाठी धारेवर मुरमाचे रुंद रस्ते केलेत, त्यामुळे चालणं सोपं झालं आणि कंटाळवाणंही. पात्याची सावली अंगावरून जाते तेव्हा पहिल्यांदा माणूस दचकून मान खाली घालतो. दहाव्यांदाही घालतो.

अकराच्या सुमाराला माझ्या उजव्या बुटाचा तळ पुढून सुटला आणि मगरीसारखा आ वासायला लागला. दुकानदाराने ‘हिमालयात चालतील’ म्हणून दिले होते. चालले असतील हिमालयात. मी कारखान्यातून आणलेली सुताची दोरी तळाखालून घेऊन चार वेढे दिले. तासाभरात मुरमाने दोरी झिजवली, पुन्हा चार वेढे. फाट्यावर पंक्चरवाल्याने ट्यूबचं सोल्युशन लावून वर दगड ठेवला आणि पैसे घेतले नाहीत. “टिकलं तर परत येताना द्या,” म्हणाला. परत येणार नव्हतो, म्हणून पेढे घेऊन त्याला दिले. या टापूत खव्याच्या भट्ट्या जागोजागी. कुंथलगिरीचा खवा म्हणजे इकडची ओळखच. कुलभूषण आणि देशभूषण मुनींचं ते सिद्धक्षेत्र. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली सल्लेखना घेऊन तिथेच देह ठेवला. वाकडी वाट करून जायचं ठरलं होतं, पण बुटाने नाही म्हटलं.

दिवस २२: सरमकुंडी ते येरमाळा

वाटेत तेरखेडा, फटाक्यांचं गाव. दिवाळी होऊन दोन महिने झाले तरी रस्त्याला दुकानं मांडलेलीच. इथल्याच परिसरात तेरणा उगम पावते आणि पुढे मांजरेला मिळते. ‘डावीकडे गोदावरी, उजवीकडे भीमा’ हे वाक्य भाचा रोज म्हणतो, आज उताराच्या दोन्ही अंगांना बाटलीतलं थोडंथोडं पाणीही ओतलं. अण्णा ओरडले, “प्यायचं पाणी हाय बे ते!”

येरमाळ्यात चांभाराने टायरचा तुकडा कापून तळाला शिवला. आता माझा उजवा पाय डाव्यापेक्षा बोटभर उंच. येडेश्वरीच्या टेकडीवर संध्याकाळी गेलो. दर्शन झालं, थंडी वाजली, जेवलो, झोपलो.

दिवस २३ (११ जानेवारी): येरमाळा ते... नऊ किलोमीटर

सकाळी चहाला हॉटेल शोधतोय तर सगळं बंद. गावातून ट्रॅक्टर, बैलगाड्या, मोटरसायकली चाललेल्या, बायकांच्या डोक्यावर टोपल्या. अण्णांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि कपाळावर हात मारला. “आज अवस की! येळवस!”

वेळ अमावस्या, आमच्याकडची येळवस. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला सोलापूर, धाराशिव, लातूर या पट्ट्यात गावात कुणी राहत नाही, सगळे शेतात. आमची अक्कलकोट रोडला सात एकर होती. वडिलांनी ती विकून माग घेतले, त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून ही अमावस्या माझ्यासाठी कॅलेंडरवरचा काळा गोळा. कामगार त्या दिवशी सुट्टी मागतात तेवढाच संबंध.

दहाच्या सुमाराला एका ज्वारीच्या वावराच्या कडेने जात होतो. आतून हाक आली, “ओ पावनं! तसं नका जाऊ, आज जेवल्याबिगर जायचं नसतं.” अण्णांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, सिंगल बेल दिली आणि बांध ओलांडला.

कडब्याच्या पेंढ्या टेकवून केलेली खोप, वर शाल पांघरलेली. आत पाच दगड मांडून चुन्याने रंगवलेले, ते पांडव. पुढ्यात मडक्यात आंबील. घरधनी, त्याची म्हातारी आई, दोन सुना, पुण्याहून आलेला जावई आणि सहा-सात पोरं. पूजा झाली. मग घरधन्याने आंबिलीचं भांडं उचललं आणि पिकाच्या कडेने शिंपडत निघाला, मागे पोरांची रांग, “ओलगे ओलगे, सालम पोलगे!” अण्णा ताठ झाले. हे कन्नड आहे, आमच्याकडूनच इकडे आलंय, असा त्यांचा दावा. म्हातारी म्हणाली, “असंल बाबा. आमी आपलं आरडतो.” पाचवी फेरी झाली तेव्हा अण्णा पोरांच्या रांगेत शेवटी होते.

आता भज्जी. भजी नव्हे, भज्जी. ओली तूर, पावट्याचे दाणे, ओला हरभरा, शेंगदाणे, मेथी, चिंचेचा कोळ, आणखी रानातलं जे हाताला लागेल ते आंबिलीत आणि डाळीच्या पिठात शिजवतात. रंग पिवळट-हिरवा, पातळी पिठल्याहून जरा सैल. प्रत्येक घासाला दाताखाली वेगळा दाणा येतो. सोबत बाजरीचे उंडे, पांढरं लोणी, शेंगाची पोळी, गव्हाची खीर. धाकटी सून वाढत होती. मी पत्रावळीवर हात आडवा धरला की तिची पळी हाताच्या कडेने आत शिरायची. माझी आई भज्जीत हरभरा जास्त घालायची, तूर कमी. ही उलटी होती. तिसऱ्या वाढीला मला ती चव आठवायची बंद झाली. मी जरा गप्प झालो. म्हातारीला वाटलं, तिखट लागलं. तिने आंबिलीचा तांब्या पुढे केला.

यंदा पाऊस कमी. ज्वारी कमरेला आली होती, कणसं बारीक. घरधनी म्हणाला, दाणा होईल न होईल, कडबा झाला तरी जनावरं जगतील. कुठून आलात म्हणून विचारलं तेव्हा भाच्याने मोबाईलवर अख्खी रेघ दाखवली. जावईबापू ती बोटांनी मोठी करून बघत राहिले. घरधन्याने मात्र एकच विचारलं, “वाटंत ज्वारी कशी हाय?” मग मला नगरपासूनची ज्वारी आठवून सांगावी लागली. सव्वातीनशे किलोमीटर चालून आलेल्या माणसाला विचारण्यासारखा तोच खरा प्रश्न होता. मी नीट बघितलं नव्हतं याची लाज वाटली.

जेवून खोपीच्या सावलीत पडलो ते चारला उठलो. संध्याकाळी पेटता हेंडगा, म्हणजे पलिता, घेऊन पोरं पिकाभोवती पळाली, तेही बघितलं. त्या रात्री चांदणं नव्हतंच. सोलापुरी चादर बांधावर अंथरली. भाच्याची स्लीपिंग बॅग पाच हजारांची, माझी चादर घरची. पहाटे दव पडून ती इतकी जड झाली की पिळावी लागली, आणि भाचा कोरडा. हे मी घरी सांगणार नाही.

दिवस २४: येडशी, रामलिंग, धाराशिव

काल चुकवलेलं अंतर आज भरून काढायचं म्हणून पाचला निघालो. येडशीच्या अलीकडे धारेची कड पश्चिमेला एकदम मोकळी झाली आणि खाली बार्शीकडचा सपाट मुलूख दिसला. आपला जिल्हा! तेवीस दिवसांत पहिल्यांदा. विशेष काही नाही, धुरकट माळ आणि दोन धुराडी. तरी तिघेही उभे राहिलो.

रामलिंगचं देऊळ दरीच्या तळाशी आहे. जटायूची कथा इथलीच सांगतात. माकडांनी भाच्याची टोपी नेली. पूर्वी या घाटातून बार्शी लाईटची गाडी जायची, अडीच फुटी रुळांवरची. आता ब्रॉडगेज आहे. अण्णा लहानपणी तिने लातूरला गेलेले. चढावर गाडी इतकी मंदावायची की पोरं उतरून बोरं तोडायची आणि मागच्या डब्यात चढायची, असं ते सांगतात. एसटीच्या माणसाने रेल्वेबद्दल सांगितलेलं अर्धं सोडून द्यावं.

धाराशिवला अंधार पडल्यावर पोचलो. लेण्यांना जायचं राहिलं. येळवशीच्या भज्जीची ती किंमत, आणि ती मी आनंदाने देतो.

दिवस २५: धाराशिव ते तुळजापूर

डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडून सुटलं. उजव्याला टायर असल्याने सगळा भार डावीकडे. सकाळभर कुणी फार बोललं नाही. शेवट जवळ आला की बोलणं वाढेल असं वाटलं होतं. उलटंच झालं. भाचा दोनदा विनाकारण मागे राहिला. विचारलं तर म्हणाला, “उगंच.”

तुळजापुरात गोमुखात हातपाय धुतले आणि रांगेत लागलो. आत गेलो तर सिंहासनावर देवी नाही! तुळजाभवानीची मूर्ती चल आहे, वर्षातून तीनदा ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधीची ही मोहनिद्रा, परवाच सुरू झालेली. पंचवीस दिवस ज्या घरी जायचं म्हणून चाललो तिथल्या बाई झोपलेल्या. मी जरा हिरमुसलो. अण्णांनी पलंगाकडे बघून हात जोडले. “झोपू दे की. आपणबी झोपू.”

दिवस २६ (१४ जानेवारी): तुळजापूर ते सोलापूर

पहाटे दोनला डबल बेल. पंचेचाळीस किलोमीटर, एका दमात. हा रस्ता सोलापूरकराला कुणी सांगायला नको. कोजागरीला अख्खं शहर या रस्त्याने चालत देवीला जातं, वाहनं बंद करावी लागतात. मीही गेलोय, कडेला कुणीतरी दिलेला चहा, केळी, मसाला दूध घेत. पण तेव्हा तोंड डोंगराकडे असतं. आज पाठ होती, आणि रस्त्यावर ट्रक सोडून कुणी नव्हतं.

घाट उतरायला फार वेळ लागत नाही. खाली आल्यावर भाच्याने मोबाईल बघून जाहीर केलं, “संपला डोंगर.” अण्णांना पटेना. अजून उतार आहे, पायाला कळतंय, म्हणाले. मी बॅटरी मारून बघितलं. दोन्ही बाजूंना तूर, कुठे काळी, कुठे मुरूम. भाचा म्हणे, रांग पुढे नळदुर्गाकडेही जाते, म्हणजे आपण मधूनच उतरलो. मग संपवलं काय आपण? त्यावरून माळुंब्र्यापर्यंत वाद चालला. हरिश्चंद्रगडावर सुरुवात कुठे ते पायाच्या बोटाने दाखवता येत होतं. शेवट असा दाखवता येईना.

तामलवाडीला उजाडलं. पोहे खाल्ले. त्यानंतरचं ऊन, डांबर, टोलनाका, याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

आज भोगी, म्हणजे आमच्या ग्रामदैवताच्या, सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत अक्षतांचा दिवस. दुपारी संमती कट्ट्यावर नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, उभे राहतात आणि सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह लागतो. तिथे पोचायचं हा मूळ बेत. बारा वाजता आम्ही उळ्याच्या अलीकडे होतो आणि पायांनी बेत रद्द केला होता. बाभळीखाली बसलो. भाच्याने मोबाईलवर थेट प्रक्षेपण लावलं. अण्णांनी पिशवीत हात घालून खिचडीचे उरलेले तांदूळ काढले, तिघांच्या तळहातांवर चिमूटचिमूट ठेवले, चप्पल काढून उभे राहिले. अंगात बाराबंदी हवी होती, होता पाचनईपासून धुतलेला-न-धुतलेला सदरा. मोबाईलमधून ‘सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम्’ ऐकू आलं आणि आम्ही तांदूळ टाकले. ते दुभाजकावर पडले. त्याच वेळी सोलापूरची एक लाल गाडी गेली, तिच्या ड्रायव्हरने अण्णांना ओळखलं असावं, कारण हॉर्न बराच लांब वाजला. अण्णा कितीतरी वेळ चप्पल घालत राहिले.

हिप्परग्याच्या तलावाशी सूर्य मावळला. रूपाभवानीच्या देवळापाशी रस्त्यावर दिवे लागले होते. बाळीवेशीच्या आधीच गर्दी सुरू झाली. नंदीध्वज परतीच्या वाटेवर, दोन-तीन मजली उंच, दिव्यांनी लखलखलेले. खाली पांढऱ्या बाराबंदीतली माणसं तोल सांभाळत. रस्ताभर रांगोळ्या. आम्ही कडेकडेने, रांगोळीवर टायर पडू नये म्हणून पाय बघून टाकत. एका ओट्यावरच्या काकांनी आमच्या पाठीवरची ओझी बघून विचारलं, “तुळजापूरहून चालत आलाव का काय?”

भाचा तोंड उघडणार तेवढ्यात अण्णा म्हणाले, “हो.”

“लई ऊन होतं आज,” काका म्हणाले आणि पुन्हा नंदीध्वजाकडे वळले.

साखर पेठेच्या कोपऱ्यावर अण्णांचं घर आधी येतं. हात वर करून त्यांनी हवेतली दोरी ओढली, एकदाच, आणि मागे न बघता आत गेले. पुढच्या दोनशे पावलांत भाचा आणि मी काही बोललो नाही. दारात बायको उभी होती. तिने आधी माझ्या पायांकडे पाहिलं, मग बुटाकडे, मग टायरकडे.

“बाहेरच काढा ते. भोगीची भाजी संपली, पोरांनी खाल्ली. भाकरी आहे. आणि दुपारी जेवायला येतो म्हणाला होतात.”